यो-योची दोरी : नायलॉन कीं पॉलिएस्टर ?

लहान मुलाच्या हातांतील खेळण्याचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे इतिहासकाराची दृष्टि साहजिकच खेळण्याच्या देहाकडे वळते. त्याच्या चकत्या लांकडाच्या होत्या कीं मातीच्या, त्यांवर रंगकाम कोणतें होतें, तें राजवाड्यांत खेळलें जाई कीं रस्त्यावर, हें सारें तो टिपून ठेवतो. यो-यो या खेळण्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. दोन चकत्या, त्यांना जोडणारा एक आंखूड आंस आणि त्या आंसाभोंवतीं गुंडाळलेली दोन हात लांबीची दोरी, एवढाच त्याचा संसार. त्यांतील दोरी काढून घेतली तर जें उरतें त्याला खेळणें म्हणणें कठीण; ती एक मोठी गुंडी होय. फेंकलेली चकती परत हातांत येते ती दोरीच्या आधारानें, तिला गति मिळते ती दोरीच्या उलगडण्यानें, आणि तिचे सारे चमत्कार घडतात तेहि दोरीच्या अंगावर. असें असूनहि या दोरीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. माती टिकते, कांसें टिकतें, जपलें तर लांकूडहि टिकतें. दोरी मात्र कुजून जाते, आणि कुजून गेलेल्या वस्तूला इतिहासांत जागा मिळणें फार कठीण असतें.

बर्लिनच्या संग्रहालयांत इ.स. पूर्वी ४४० च्या सुमाराचा एक ग्रीक चषक आहे. त्यावर एक मुलगा चितारलेला असून त्याच्या हातांतून सुटलेल्या दोरीच्या टोंकाशीं एक चकती लोंबत आहे. चित्रांतील दोरी म्हणजे कुंचल्याची एक बारीक रेघ. ती लोंकरीची होती, जवसाच्या सुताची होती कीं आणखी कशाची, हें त्या रेघेवरून कळण्यासारखें नाहीं. आपल्या देशालाहि हें खेळणें अपरिचित नव्हतें. राजस्थानांतील बुंदी-कोटा परंपरेंतील, १७७० च्या सुमाराच्या एका लघुचित्रांत एक तरुणी असाच खेळ खेळतांना दिसते. आणि दोरीवर वरखालीं धांवणारी लांकडी चक्री आपल्याकडील मुलांच्या हातांत यो-यो हें नांव येथें पोहोंचण्यापूर्वींच होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हें खेळणें युरोपांतील दिवाणखान्यांत शिरलें. इंग्लंडांत त्याला 'बॅन्डलोर' म्हणत. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या धामधुमींत देश सोडून जाणाऱ्या सरदारांशीं त्याचें नांव जोडलें गेलें आणि 'एमिग्रेत' या नांवानें तें ओळखलें जाऊं लागलें. पुढें १८६६ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील जेम्स हेवन आणि चार्लस हेट्रिक या दोघांनीं त्याच्या सुधारलेल्या बनावटीचें पेटंट घेतलें.

या युरोपीय खेळण्यांत दोरीचें टोंक आंसाला पक्कें बांधलेलें असे. चकती खालीं गेली कीं ती तत्काळ वर येई; मध्यें थांबणें तिला ठाऊक नव्हतें. फिलिपाइन्स बेटांतील कारागिरांची रीति निराळी होती. ते दोरी आंसाला बांधीत नसत. दुहेरी पिळलेल्या दोरीच्या टोंकाशीं आपोआप जो फांसा तयार होतो, तो ते आंसाभोंवतीं सैल अडकवीत. ही रीति अमेरिकेंत नेली ती पेद्रो फ्लोरेस या गृहस्थानें. लुझोन बेटाच्या उत्तरेस इलोकोस नोर्ते प्रांतांतील व्हिंतार हें त्याचें गांव. १९१५ सालीं तो अमेरिकेंत आला आणि १९२८ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें त्यानें यो-यो बनविण्याचा कारखाना काढला. यो-यो हें नांवहि त्याच्या इलोकानो भाषेंतील शब्दावरूनच आलें असें मानतात. थोड्याच वर्षांत त्याचा धंदा डोनल्ड डंकन या व्यापाऱ्यानें विकत घेतला आणि १९३२ सालीं यो-यो हें नांव आपलें व्यापारी चिन्ह म्हणून नोंदविलें. तेथून पुढें तीन दशकें अमेरिकेंत यो-यो म्हणजे डंकन असें समीकरण झालें. पण व्यापाराची लाट जशी चढते तशीच ओसरते. १९६५ सालीं अमेरिकेंतील अपील न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, यो-यो हा आतां सर्वांच्या तोंडचा सामान्य शब्द झाला असून त्यावर कोणा एकाची मालकी सांगतां येणार नाहीं. त्याच वर्षीं डंकनच्या पेढीचें दिवाळें वाजलें.

व्यापाराचा हा इतिहास मनोरंजक खरा. पण त्या सैल फांशाचें महत्त्व त्याहून मोठें आहे. फांसा सैल असल्यामुळें दोरी पूर्ण उलगडल्यावरहि चकती फांशाच्या आंत गरगर फिरत राहूं शकते. खेळाडू या अवस्थेला चकतीची झोंप म्हणतात. मग हाताला किंचित् हिसका दिला कीं दोरीवरील ताण क्षणभर सुटतो, सैल पडलेल्या दोरीला फिरता आंस पकडतो, पहिला वेढा बसतो आणि चकती सरसर वर चढते. ताणाचें हें महत्त्व १९८५ सालीं मोठ्या मौजेनें सिद्ध झालें. त्या वर्षीं 'डिस्कव्हरी' या अंतराळयानांतून कांहीं खेळणीं प्रयोगासाठीं नेलीं होतीं व त्यांत एक यो-योहि होता. वजनाचा भास नाहींसा झालेल्या त्या स्थितींत दोरी ताणून धरणारें कांहींच उरलें नाहीं. परिणामीं चकती दोरीच्या टोंकाशीं पोहोंचली कीं लगेच परत फिरे, झोंप तिला लागेचना.

तेव्हां या दोरीवर दोन परस्परविरुद्ध कर्तव्यें येऊन पडतात. चकती झोंपली असतां तिनें आंसावरून निसटत राहावें आणि हिसका मिळतांच त्याच आंसाला घट्ट धरावें. फार गुळगुळीत दोरी धरणार नाहीं आणि फार खरखरीत दोरी झोंपूं देणार नाहीं. शिवाय लांकडी किंवा धातूच्या आंसावर हजारों फेरे फिरतांना घर्षणानें जी उष्णता निर्माण होते ती सारी फांशाच्या एका चिमुकल्या जागीं सांठते. हीं सारीं कामें कापसाचें सूत बिनबोभाट करीत आलें. कापसाच्या अंगावर बारीक तूस असते, तिच्यामुळें पकड मिळते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कापूस वितळत नाहीं. अति तापला तर तो करपेल, काळा पडेल. पण मेणासारखा पाघळणार नाहीं. त्याचे दोषहि उघड होते. तो लवकर झिजे, घामानें व मळानें खराब होई आणि फांशापाशीं तुटे. म्हणून मनापासून खेळणारा मुलगा खिशांत जादा दोरी बाळगी.

आतां या कथेचा दुसरा धागा हातीं घेतला पाहिजे. १९२८ सालीं, म्हणजे फ्लोरेसनें आपला कारखाना काढला त्याच वर्षीं, अमेरिकेच्या दुसऱ्या टोंकाला डेलावेअर राज्यांतील विल्मिंग्टन येथें ड्युपाँट कंपनीच्या संशोधनशाळेंत एक अबोल रसायनशास्त्रज्ञ रुजू झाला. त्याचें नांव वॉलेस ह्यूम कॅरदर्स. हार्वर्ड विद्यापीठांतील अध्यापन सोडून तो येथें आला होता. रेशीम, कापूस, रबर यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत कीं खरोखरीच अतिदीर्घ रेणू आहेत, याविषयीं त्या काळीं रसायनशास्त्रांत मोठा वाद चालू होता. जर्मनीच्या हेर्मान स्टॉडिंगरनें १९२० पासून दीर्घ रेणूंचा पक्ष मांडला होता. कॅरदर्सनें वादांत न पडतां एक साधा मार्ग धरला. लहान रेणू एकापुढें एक, ज्ञात रीतीनें जोडीत जाऊन लांब साखळी आपणच तयार करावयाची, म्हणजे तिच्या रचनेविषयीं शंकेला जागा उरणार नाहीं.

त्यानें प्रथम जोडल्या त्या साखळ्या पॉलिएस्टर जातीच्या होत्या. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगानें एस्टर बनतें. दोन्ही टोंकांना हात असलेलीं आम्लें आणि दोन्ही टोंकांना हात असलेलीं अल्कोहोलें घेतलीं कीं साखळी वाढत जाते. १९३० च्या एप्रिलमध्यें त्याचा सहकारी ज्युलियन हिल यानें अशाच एका वितळलेल्या लगद्यांत कांच बुडवून वर ओढली, तों तिच्याबरोबर एक लांब, चमकदार तंतु बाहेर आला. तो थंड झाल्यावर पुन्हां ओढला असतां आणखी लांबला आणि लांबतांना पूर्वीपेक्षां कितीतरी पटींनीं बळकट झाला. ताणामुळें त्यांतील विस्कळित रेणू एका दिशेस ओळीनें बसतात, हें त्याचें कारण. कृत्रिम तंतूंच्या साऱ्या उद्योगाचा पाया या लहानशा खेळांत घातला गेला.

पण या पहिल्या पॉलिएस्टर तंतूंत एक मर्मस्थानीं दोष होता. कॅरदर्सनें निवडलेल्या घटकांतील कार्बनची साखळी सरळ व लवचीक असल्यामुळें ते तंतु अगदीं थोड्या उष्णतेनें वितळत. ऊन पाण्यांत त्यांचा टिकाव लागत नसे. ज्या कापडावर इस्तरी फिरवितां येत नाहीं आणि जें धुण्यांत नाहींसें होईल, त्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार ? कॅरदर्सनें पॉलिएस्टर बाजूस ठेवलें आणि कांहीं काळानें आम्ल व अमाइन यांच्या संयोगाकडे, म्हणजे पॉलिअमाइडकडे तो वळला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजीं त्याच्या मार्गदर्शनाखालीं त्याच्या सहकाऱ्यानें जो पदार्थ तयार केला, त्याच्या दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन अणू होते. हाच पुढें नायलॉन सहा-सहा या नांवानें प्रसिद्ध झाला. सुमारें २६० अंश सेंटिग्रेडपर्यंत न वितळणारा, रेशमाहून चिवट, घासला असतां सहसा न झिजणारा असा हा तंतु होता.

त्याचा जनक मात्र त्याचें वैभव पाहण्यास उरला नाहीं. कॅरदर्सला उदासीनतेच्या दुखण्यानें अनेक वर्षें ग्रासलें होतें. आपल्या हातून आतां कांहीं नवें होणार नाहीं असें त्याला वाटूं लागलें होतें. २९ एप्रिल १९३७ रोजीं, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस गेले असतां, फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत त्यानें विष घेऊन जीवनयात्रा संपविली. त्याच्या एकुलत्या एका मुलीचा जन्म त्यानंतर कांहीं महिन्यांनीं झाला. १९३८ च्या ऑक्टोबरमध्यें कंपनीनें नायलॉनची जाहीर घोषणा केली. १५ मे १९४० रोजीं नायलॉनचे पायमोजे अमेरिकेंत सर्वत्र विक्रीस आले आणि दुकानांपुढें रांगा लागल्या. पुढें युद्धांत सारा नायलॉन हवाई छत्र्या व दोरखंडांकडे वळला. युद्ध संपल्यावर तर १९४६ सालीं पिट्सबर्ग शहरांत तेरा हजार जोड्यांसाठीं चाळीस हजार माणसें रांगेंत उभीं राहिलीं. ज्याला आपलें जीवित निष्फळ वाटलें, त्याच्या कृतीसाठीं लोक असे ताटकळले.

कॅरदर्सनें बाजूस ठेवलेला धागा उचलला तो इंग्लंडांतील दोघांनीं. लँकेशायर परगण्यांतील अ‍ॅक्रिंग्टन येथें कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या संस्थेची एक प्रयोगशाळा होती. तेथें काम करणाऱ्या जॉन रेक्स व्हिनफील्डनें कॅरदर्सचे निबंध बारकाईनें वाचले होते. पॉलिएस्टर मुळांतच दुबळें आहे, हा निष्कर्ष त्याला पटेना. साखळी लवचीक म्हणून ती लवकर वितळते. तर मग तिच्यांत मधूनमधून ताठ असा कांहीं भाग घातला तर? टेरेफ्थॅलिक आम्लाच्या रेणूंत सहा कार्बनांचें एक सपाट कडें असतें आणि त्याचे दोन हात अगदीं समोरासमोर असतात. व्हिनफील्ड आणि त्याचा सहकारी जेम्स टेनंट डिक्सन यांनीं हें आम्ल ग्लायकोलशीं जोडलें. जो तंतु निघाला तो नायलॉनइतक्याच उष्णतेपर्यंत टिकला आणि ऊन पाण्याला त्यानें दाद दिली नाहीं. १९४१ च्या जुलैमध्यें त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. युद्धाच्या धामधुमींत हा शोध कांहीं काळ गुप्तच राहिला. पुढें इंग्लंडांत तो 'टेरिलीन' या नांवानें आणि अमेरिकेंत, पूर्वीं त्याला सोडून देणाऱ्या त्याच ड्युपाँटच्या हातून, 'डॅक्रॉन' या नांवानें बाजारांत आला. कॅरदर्सची चूक एवढीच कीं, त्यानें एका घटकाचा दोष साऱ्या जातीवर लादला. शास्त्रांत अशा चुका थोरांच्याच हातून होतात, कारण त्या ठिकाणापर्यंत पोहोंचणारेच थोडे असतात.

या दोन तंतूंच्या स्वभावांतील भेद त्यांच्या घडणींतच आहे. नायलॉनच्या साखळींत लांब, लवचीक भाग अधिक. म्हणून तो ताणला असतां पुष्कळ लांबतो आणि ताण सुटतांच पुन्हां मूळपदावर येतो. पॉलिएस्टरच्या साखळींत तें सपाट कडें ठिकठिकाणीं ताठपणा आणतें. म्हणून तो ताणाला सहसा वश होत नाहीं. स्थूलमानानें सांगावयाचें तर तेवढ्याच ताणाखालीं नायलॉनचा तंतु पॉलिएस्टरच्या दुपटीहून अधिक लांबतो. दुसरा भेद पाण्याचा. नायलॉनमधील अमाइडचे बंध पाण्याला आकर्षितात. साधारण दमट हवेंत तो आपल्या वजनाच्या शेंकडा ४ इतकें पाणी शोषतो, कापूस शेंकडा ७ ते ८, तर पॉलिएस्टर शेंकडा अर्धाहि नाहीं. त्यामुळें ओल्या हवेंत नायलॉनची लांबी व बळ थोडें बदलतें. पॉलिएस्टरला मुंबईचा आषाढ आणि दिल्लीचा वैशाख सारखेच. उलट घासणीला तोंड देण्यांत नायलॉन श्रेष्ठ आणि वजनानेंहि तो हलका. आयतनाच्या मानानें पाहिलें तर नायलॉन पाण्याच्या १.१४ पट जड, तर पॉलिएस्टर १.३८ पट.

यांतील चांगला कोणता, असा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाहीं. कोणत्या कामासाठीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. कडा चढणाऱ्या गिर्यारोहकाचा दोर नायलॉनचा असतो, कारण तो पडला तर दोरानें ताणून त्याचा धक्का गिळावा लागतो. न ताणणारा दोर त्याचीं हाडें मोडील. त्याच कारणानें नौकेच्या नांगराला नायलॉनचा दोर बांधतात. पण त्याच नौकेच्या शिडाला आवरणाऱ्या दोऱ्या पॉलिएस्टरच्या असतात, कारण वाऱ्याच्या झोताबरोबर त्या लांबूं लागल्या तर शीड हातांत राहणार नाहीं. एकाच नौकेवर दोघांनाहि मान आहे आणि दोघांचें स्थान निराळें आहे.

असे दोन गुणी तंतु १९५० च्या सुमारास बाजारांत असतांना यो-योच्या दोरीनें मात्र कापसाची संगत सोडली नाहीं. वरवर पाहतां हें आश्चर्य वाटेल. पण स्थिर आंसाची गोष्ट ध्यानांत घेतली कीं आश्चर्य उरत नाहीं. नायलॉन काय आणि पॉलिएस्टर काय, दोघेहि उष्णतेनें मऊ पडून वितळणारे. झोंपलेली चकती आंसावर फांशाला सारखी घासत राहिली कीं त्या जागीं तंतु मऊ पडतो, चिकटतो, कांचेसारखा कडक होतो आणि तुटतो. त्यांतून त्यांच्या गुळगुळीत तंतूंना हिसक्यासरशीं आंस धरणेंहि कापसाइतकें साधत नाहीं. प्रयोगशाळेंतील मोजमापांत दोघांनीं कापसाला मागें टाकलें होतें. पण लांकडी आंसाच्या त्या चिमुकल्या न्यायालयांत निकाल कापसाच्या बाजूनेंच लागे.

हा निकाल फिरविला तो दोरी करणाऱ्यानें नव्हे, आंस करणाऱ्यानें. सान फ्रान्सिस्को येथील टॉम कून हा व्यवसायानें दंतवैद्य आणि छंदानें यो-यो बनविणारा. १९९० सालीं त्यानें अ‍ॅल्युमिनियमचा एक यो-यो बाजारांत आणला. त्याच्या आंसावर बारीक गोळ्यांचें बॉलबेअरिंग बसविलेलें होतें. बॉलबेअरिंगची कल्पना पूर्वीहि कोणी कोणी करून पाहिली होती. पण यशस्वी झाली ती या वेळीं. आतां फांसा बेअरिंगच्या बाहेरील कड्यावर स्वस्थ बसे आणि चकती आंतल्या आंत फिरे. दोरी व आंस यांमधील घासणी जवळजवळ संपली. तिच्याबरोबर ती उष्णताहि संपली. शतकानुशतकें दोरीच्या मानगुटीवर बसलेलें पहिलें कर्तव्य एका इंचाहून लहान अशा पोलादी कड्यानें आपल्या अंगावर घेतलें.

एवढें झाल्यावर खेळच पालटला. पूर्वीं कांहीं सेकंद टिकणारी झोंप आतां मिनिटांच्या हिशेबानें मोजूं लागले. पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बेअरिंग इतकें मोकळें आणि चकत्यांमधील फट इतकी रुंद झाली कीं नुसत्या हिसक्यानें चकती परत येईना. खेळाडूनें दोरीचाच एक वेढा फटींत सारून तिला परत बोलवावें लागे. दोरीचें दुसरें कर्तव्यहि अशा रीतीनें बदललें. पकडण्याचें काम आंसापाशीं न होतां चकतीच्या आंतल्या बाजूस बसविलेल्या रबरी कड्यांवर होऊं लागलें. दोरी मोकळी झाली आणि तिच्यावर नवी कामगिरी आली : ती रंगभूमि झाली. फिरती चकती दोन हातांमध्यें ताणलेल्या दोरीवर उतरावी, तिथून उडून दुसऱ्या पदरावर बसावी, दोरीचा फांसा हवेंत फेंकून चकतीनें त्यांत अचूक शिरावें, असे खेळ जगभरच्या स्पर्धांतून होऊं लागले.

या रंगभूमीला काय हवें ? प्रथम, ती लांबतां कामा नये. चकती दोरीवर आदळतांच दोरी खालीं वांकून पुन्हां उसळली तर पुढच्या पावलाचा ताल चुकतो. दुसरें, हवेंत फेंकलेल्या वेढ्यानें आपला आकार क्षणभर तरी राखला पाहिजे. त्यासाठीं अंगांत थोडें वजन आणि थोडा ताठपणा हवा. तिसरें, बोटांच्या घामानें आणि हवेंतल्या ओलाव्यानें तिचा स्वभाव बदलूं नये. चौथें, ती स्वस्त असावी, कारण सराव करणारा खेळाडू दोरी वरचेवर बदलतो. या चारहि कसोट्यांना पॉलिएस्टर उतरलें. गिर्यारोहकाला तारणारा नायलॉनचा ताणच येथें त्याच्या आड आला. तेव्हांपासून स्पर्धेंतील दोऱ्या बहुतांशीं पॉलिएस्टरच्या शिलाईच्या धाग्यासारख्या सुतानें पिळलेल्या असतात.

नायलॉनला अगदींच हद्दपार केलें असें मात्र नाहीं. त्याची दोरी मऊ व गुळगुळीत असते, एकमेकींवरून पदर सहज सरकतात आणि बोटाच्या कातडीला ती कमी जाचते, असें तिचे चाहते सांगतात. आणि ज्यांना दोरीचा किंचित् झोला आवडतो ते आजहि ती पसंत करतात. कापसाचेंहि स्थान टिकून आहे. लांकडी, स्थिर आंसाचा जुना यो-यो ज्याला प्रिय आहे त्याला आजहि कापूसच हवा. त्याच्या जागीं पॉलिएस्टर घातलें तर फांसा वितळून तुटण्याची भीति उभीच आहे. मधल्या काळांत निम्मा कापूस व निम्मे पॉलिएस्टर अशी मिश्र दोरीहि निघाली. पकड एकाची आणि बळ दुसऱ्याचें असा तो तह होता.

कापूस आणि पॉलिएस्टर यांचा तह आपल्या घरींहि झालेला आहे. टेरिलीन आणि टेरिकॉट हे शब्द मराठी कुटुंबांच्या तोंडीं रुळले त्याला आतां दोन पिढ्या लोटल्या. १९८२ सालीं रायगड जिल्ह्यांतील पाताळगंगेच्या कांठीं पॉलिएस्टरच्या धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याचें तंत्रज्ञान ड्युपाँटकडूनच आलें होतें. त्याच वर्षीं १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणगांवांत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लक्ष कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्यांतील पुष्कळांना परत जाण्यास गिरणीच उरली नाहीं. एका घटनेनें दुसरी घडली असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. संपाचीं कारणें वेतनाचीं, मालकीचीं व संघटनेचीं होतीं. तरीपण कापसाच्या एका मोठ्या घराण्याचा दिवस मावळत असतां, पन्नास मैलांच्या आंत दुसऱ्या तंतूचा दिवस उगवावा, हें स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. तंतु बदलतो तेव्हां नुसतें कापड बदलत नाहीं; तो विणणाऱ्यांचे, वाहणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे दिवसहि बदलतात.

या लहानशा दोरीचा इतिहास शेवटीं एका विचाराशीं आणून सोडतो. वस्तूचे गुण वस्तूंत असतात हें खरें. पण त्या गुणांना किंमत येते ती तिच्यापुढें ठेवलेल्या कामानें, आणि तें काम अनेकदां दुसरीच कुठली तरी वस्तु ठरविते. पॉलिएस्टर १९४१ सालींहि तेंच होतें. पोलादी कडें येईपर्यंत यो-योला त्याचा उपयोग नव्हता. कॅरदर्सनें सोडून दिलेली साखळी निरुपयोगी नव्हती. तिला एका ताठ कड्याची वाट पाहावी लागली.

आणि आणखी एक गोष्ट. बर्लिनच्या चषकावरील मुलाची दोरी कशाची होती हें कोणाला सांगतां येत नाहीं, कारण ती कुजून मातींत मिसळली. आजच्या मुलाची दोरी अशी मिसळणार नाहीं. ऊन, पाणी आणि कृमि यांना न जुमानणें हा जो गुण खेळांत कामाला येतो, तोच खेळ संपल्यावर भार होतो. तिचे बारीक तुकडे माती-पाण्यांत दीर्घकाळ राहतात. अडीच हजार वर्षांनीं कोणी या खेळण्याचा शोध घेऊं लागला, तर चकती हरवून दोरीच सांपडण्याचा संभव आहे. तेव्हां मात्र दोरीचा इतिहास कोणी लिहीत नाहीं अशी तक्रार कोणास करतां येणार नाहीं.